एकच मेंढी दोनशे वेळा

नेकनूरच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या ताराबाईला चित्रांची, म्हणजे कार्टूनची, पिक्चरं फार आवडतात, असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. ती पिक्चरं आवडून घेण्याआधी पारखते. बाजारात मेंढी घ्यायला गेलेलं माणूस आधी तिचं तोंड उघडून दात बघतं, मग पाठीवरून हात फिरवतं आणि त्यानंतरच भावाचं बोलतं. ताराबाई पिक्चर बघते ती तशी. पहिल्या पाच मिनिटांत तपासणी होते. त्यात ते नापास झालं की फोन कमरेच्या पिशवीत जातो आणि ताराबाई मेंढरांमागे जाते.

तपासणीचे नियम ठरलेले आहेत. जनावरानं पँट घातलेली चालत नाही, टोपी एकवेळ चालेल. गाढवाला मूर्ख दाखवलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण तिनं उभ्या आयुष्यात मूर्ख गाढव पाहिलेलं नाही. मूर्ख मालक मात्र पुष्कळ पाहिले. लांडगा येडा दाखवला तर पिक्चर तिथंच बंद. "ज्याच्या भ्यानं आमी जल्मभर काठी घेऊन फिरलो, त्यो येडा असंल तर मग आमी कोन?" हा तिचा सवाल आहे आणि आजवर कुणी त्याला उत्तर दिलेलं नाही. गाणी दोनच हवीत. तिसरं सुरू झालं की ती पाणी प्यायला उठते. आणि कळप चालताना धूळ उडाली नाही तर तो चाललाच नाही, नुसता सरकला, असं तिचं स्वच्छ मत आहे.

माणसांची पिक्चरं ती बघत नाही. माणसं दिवसभर दिसतातच, आणि पिक्चरमध्ये ती उगीच जास्त रडतात.

आता बावन्न वर्षांची, शाळेची पायरी न चढलेली ही बाई या नादाला लागली कशी, तर लेकीमुळं. ऋतुजा ही तिची एकुलती एक पोर. ती दहावीला असताना करोना आला आणि शाळा फोनवर भरायला लागली. ताराबाईचा नवरा नाथा बीडला जाऊन फोन घेऊन आला. तास संपला की उरलेल्या बॅटरीत मायलेकी बाभळीखाली बसून चित्रांची पिक्चरं बघायच्या. ताराबाई चुका काढायची आणि ऋतुजा वहीत पेन्सिलीनं दुरुस्त करायची.

"ही मेंढी उठली बघ. पुढचे पाय आधी टाकले. घोडं हाय का ही?"

ऋतुजा लगेच काढून दाखवायची: मेंढी आधी मागून उठते, ढुंगण वर येतं, पुढचे गुडघे शेवटी सुटतात. ताराबाई वही लांब धरून बघायची आणि म्हणायची, "आता उठली."

बारावीनंतर पोरीला बीडला नर्सिंगच्या क्लासला घातलं. दोन महिन्यांत क्लासच्या सरांनी नाथाला बोलावून वही दाखवली. हाडांची नावं दोन पानांवर होती आणि पुढची सगळी वही मेंढरांनी भरलेली. सर म्हणाले, हिला दुसरीकडं पाठवा. पुण्यात चित्रं हलवायला शिकवतात, असं त्यांनीच सांगितलं. भावकीत कुजबुज झाली, एकटीला पुण्याला कशाला, वय झालंय, स्थळं येतायत. ताराबाईनं ऐकून घेतलं आणि पोरीची बॅग भरली. शिकून झालं, आणि दीड वर्षापूर्वी ऋतुजा तिथल्याच एका कंपनीत लागली. जिथं चित्रांची पिक्चरं बनतात अशा खऱ्याखुऱ्या कंपनीत.

तेव्हापासून ताराबाईचा रविवार ठरलेला. लेकीचा फोन आला की जेवणखाण, तब्येत हे दोन मिनिटांत उरकायचं आणि मग विचारायचं, "आता कोन्चं येनार?" ऋतुजा यादी सांगायची. हे उन्हाळ्यात येणार, ते दिवाळीत, हे विलायतेतलं आहे पण हिंदीत करून येईल. ताराबाई प्रत्येकाची चौकशी करायची. जनावर कोणतं? हरवतं का? लांडगा हुशार हाय का? दोनचार पिक्चरांवर तिनं न बघताच फुली मारली होती, कारण त्यांत कोल्ह्याला चष्मा होता. शहाण्या गाढवाचं पिक्चर कधी येणार, हे ती दर महिन्याला विचारायची. ते काही येत नव्हतं.

मग दिवाळीला घरी आलेल्या ऋतुजानं बातमी सांगितली. तिच्याच कंपनीचं पिक्चर येणार होतं, मेंढरांचं, तेही मराठीत. नाव 'मोती हरवली'. माळावरच्या एका म्हाताऱ्या मेंढकिणीची मोती नावाची मेंढी हरवते आणि ती तीन डोंगर पालथे घालून तिला शोधते, अशी गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत लागणार. आणि त्यातला कळप ऋतुजा करत होती.

"मोती तर कुत्र्याचं नाव," ताराबाई म्हणाली. पण तेवढं तिनं पोटात घातलं. जन्मात कधी थेटरात न गेलेल्या या बाईनं पिठाच्या गिरणीत, नेकनूरच्या बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगून टाकलं, की मे महिन्यात आम्ही बीडला पिक्चरला जाणार, आमच्या लेकीनं मेंढरं काढल्यात.

जानेवारीत मेंढरं बंकटच्या रानात बसली होती. बंकट हा नेकनूरजवळचा शेतकरी. तूर काढून झाली की दरसाल खतासाठी तो नाथाचा कळप आठ-पंधरा दिवस रानात बसवून घ्यायचा. त्याच्या विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत फोन चार्ज व्हायचा. तिथंच एका सकाळी फोन वाजला आणि ऋतुजानं पाठवलेलं ट्रेलर आलं. दोन मिनिटं दहा सेकंदांचं.

ताराबाईनं ते एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना मध्येच थांबवलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला. तिसऱ्यांदा नाथाला हाक मारली.

"अवो, ह्यात किती मेंढरं हायती?"

नाथानं बघितलं. "असतील दोनशेक."

"एकच हाय."

नाथानं फोन हातात घेतला. सावलीत जाऊन नीट बघितला. तोही जन्मापासून मेंढरांतच. "एकच हाय," तो म्हणाला.

पंप चालू करायला आलेला बंकट हे ऐकून हसला. त्यानंही डोकावून पाहिलं. "येवढा कळप हाय की. लई झ्याक हाय. एकच कावून म्हनता?"

"ही बघा, डावा कान टोकाला दुमडलाय. ही बघा, हिचाबी. ही मागची, हिचाबी. कपाळावर झिपरं तेच. अन् समद्या एकाच टायमाला डाव्या अंगानं चावतेत."

"अवो ताराबाई, मेंढरं म्हंजी मेंढरं. सारखीच असतेत."

"तुमची चार पोरं हायती. सारखीच हायती का?"

बंकट पंप चालू करायला निघून गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण मोती हसली तेव्हा तिच्या वरच्या जबड्यात पांढरेशुभ्र दात दिसले, आणि मेंढीला वरचे पुढचे दात नसतातच, नुसती हिरडी असते. भर दुपारच्या उन्हात कळप पांगून चरत होता, आणि खरी मेंढरं त्या वेळी एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभी असतात. आणि शेवटी, मोती बसलेली उठली तेव्हा पुढचे पाय आधी टाकून उठली. घोड्यासारखी. ताराबाईनं फोन पालथा ठेवला. ज्या चुकीला ती बाभळीखाली बसून हसली होती, तीच चूक तिच्या लेकीच्या पिक्चरमध्ये होती.

ऋतुजाचा फोन दुपारी आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आई, बघितलंस? तो कळपाचा शॉट माझा आहे."

"बघितला. मेंढी एकच हाय."

"अगं, एक मेंढी नीट बनवायला महिना जातो. मग तिच्याच कॉप्या करतात. रंग थोडा इकडं तिकडं करतात. सगळीकडं असंच चालतं. लोकांना नाही कळत."

"त्या बाईला कसं कळलं मग?"

"कुठल्या बाईला?"

"तुमच्या पिक्चरातल्या मेंढकिनीला. समद्या एकसारख्या, तर मोतीच हरवली हे तिला कसं कळलं? मोजून म्हनशील तर एक कमी हाय येवढंच कळंल. कोन गेली हे कसं कळंल? अन् कोन गेली तेच ठाऊक न्हाई, तर बाई तीन डोंगर कुनासाठी पालथे घालती?"

"हे कुणाच्याच लक्षात नाही आलं," ऋतुजा म्हणाली.

"बाकीच्यांचं सोड. तू कोकरांत लोळून मोठी झाली. मेंढी कशी उठती तुला ठाऊक न्हाई?"

"ठाऊक आहे."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

ऋतुजाचा आवाज खाली गेला. "मला नवीन घेतलं तेव्हा पहिल्याच मीटिंगला पिक्चरच्या मॅडमनी विचारलं होतं, मेंढ्या जवळून पाहिलेलं कुणी आहे का. मी हात वर केला नाही. सगळे इंग्लिशमध्ये बोलत होते, आई. कुणाचे वडील इंजिनिअर, कुणाची आई कॉलेजात शिकवते. माझ्या घरचं विचारलं तर मी शेती म्हणून सांगितलं. आता दीड वर्षानं काय सांगू? आणि तीन-चार महिन्यांवर पिक्चर आलंय. मी तिथं सगळ्यात लहान आहे, माझं कोण ऐकतंय?"

"शेती," ताराबाई म्हणाली. त्यांच्या मालकीचं एक गुंठाही रान नव्हतं. तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

तिला वाईट वाटलं. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं. लोकांनी मेंढरांचा वास येतो म्हणून एसटीत जागा बदललेली तिनं पाहिली होती, शाळेत पोरीला चिडवलेलंही तिला माहीत होतं. त्याचं तिला कधी फारसं काही वाटलं नव्हतं. पण पोरीनं स्वतःच्या तोंडानं मेंढरं पुसून टाकावीत, हे तिच्या मनाला लागलं. दोन दिवस तिनं फोन हातात धरला नाही. नाथाला हे कळत होतं.

"सोडून दे," तो तिसऱ्या दिवशी म्हणाला. "पोर नोकरीला हाय. तिला तरास नको. चित्रातली मेंढी कशीबी उठू दे, आपलं काय बिघडतंय?"

ताराबाई राखेत हात खुपसून भांडं घासत होती. ती थांबली.

"तिनं घरचं काय सांगावं अन् काय न्हाई ते तिचं ती बघंल. त्यात मी पडत न्हाई. पन मेंढी खोटी दाखवायची न्हाई. जगात कुनीबी दाखवू दे, माझ्या लेकीच्या हातनं न्हाई. मे म्हैन्याच्या आत ते नीट झालंच पायजे."

"कोन करनार नीट? तू?"

"मी दावनार. करनारीनं करावं."

आणि त्याच दिवशी सकाळच्या उन्हात तिनं काम सुरू केलं. कोकरं धरून मेंढरं एकशेबारा होती. प्रत्येकीचं तोंड समोरून, मग दोन्ही बाजूंनी, मग कान, मग चाल, आणि जमलं तर उठणं आणि बसणं. फोन ताराबाईच्या हातात आणि मेंढी नाथाच्या गुडघ्यांत. वर ताराबाईचं बोलणं चालू. "ही बुची. कान आखूड हायती, आईवर गेलीया. हिला घाई लई, पान्यावर पयली हीच. ही चांदी, कपाळावर ठिपका बघ. ही तांबडतोंडी. हिचं तोंड विटकरीसारखं हाय. हिला कोकरू दीड म्हैन्याचं हाय, त्याला ती नजरंआड होऊ देत न्हाई. ही फुटकानी. काटंरी तारंत कान फाटला, तवापास्नं तारंजवळ जात न्हाई."

काम सोपं नव्हतं. मेंढरं फोनला नाक लावायची आणि पडद्यावर नुसती ओली नाकपुडी यायची. बसलेली मेंढी उठण्याची वाट बघत ताराबाई उन्हात अर्धा अर्धा तास उकिडवी बसायची, आणि नेमकी मेंढी उठायची तेव्हा नाथाची बंडी मध्ये यायची. नाथानं तीनदा शिव्या खाल्ल्या. रोजचा नेट दुपारपर्यंतच संपायचा, म्हणून रोज पंधरा-वीसच व्हिडिओ जायचे, तेही नाथा टेकाडावर चढून फोन डोक्यावर धरून उभा राहिला तर. बंकट येता-जाता बघायचा. चौथ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "ही बुची न्हवं?" आणि ती बुचीच होती. ताराबाईनं त्याला चहा दिला.

पलीकडून काही येत नव्हतं. फक्त प्रत्येक व्हिडिओखाली निळ्या रेघा उमटायच्या, म्हणजे ऋतुजानं बघितलेलं असायचं. रविवारी तिचा फोनही आला नाही. नाथा म्हणाला, पोर रागावली. ताराबाई म्हणाली, "रागावू दे. अजून चौतीस ऱ्हायल्यात." आठव्या दिवशी शेवटची मेंढी झाली. तिच्याखाली ताराबाईनं बोलून ठेवलं, "एकशेबारा झाल्या. एकबी दुसरीसारखी न्हाई. आता तुझं तू बघ."

पुढच्या दिवशी दुपारी, मेंढरं पंपाच्या खोलीजवळच्या त्याच टेकाडावर उन्हाला माना घालून उभी असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर ऋतुजा दिसली. मागं काचेची भिंत होती, पाच-सहा पोरंपोरी गळ्यात हेडफोन अडकवून उभी होती आणि मध्ये आखूड केसांची, चष्मेवाली एक बाई होती.

"मॅडम," ऋतुजा त्या बाईकडं बघून म्हणाली, "ह्या ताराबाई. नेकनूरकडच्या आहेत. मेंढ्या पाळतात. ते व्हिडिओ ह्यांनीच पाठवलेत." मग फोनकडं वळून, पण आईच्या डोळ्यांत न बघता, ती म्हणाली, "ताराबाई, ह्या योगिता मॅडम. पिक्चर ह्यांचं आहे."

ताराबाईला समजायला वेळ लागला नाही. एक शब्द बोलली असती तर सगळं उघडं पडलं असतं आणि तो शब्द जिभेवर आलाही होता. पण तिनं तो गिळला. ती मेंढरांसाठी आली होती.

"नमस्कार, मॅडम."

योगिता मॅडम मोकळ्या स्वभावाची दिसली. "काकू, काल ऋतुजा तिच्या टेबलावर तुमच्या मेंढ्या बघत बसली होती, मी मागं येऊन उभी राहिले. मग रात्री सगळे व्हिडिओ बघितले. तुमचा प्रश्नही तिनं सांगितला. त्या बाईला कळलं कसं? खरं सांगते, माझी झोप उडाली. सगळी गोष्ट त्यावर उभी आहे आणि आम्ही ते कुठं दाखवलंच नाही." ती थांबली. "पण एक विचारू? खरंच कळतं का? एवढ्यांतून एक गेली तर नुसतं बघून, कोणती गेली ते?"

"न मोजता?" मागचा एक पोरगा म्हणाला.

"न मोजता," ताराबाई म्हणाली. "बघायचं का?"

तिनं फोन बाभळीच्या बेचक्यात असा बसवला की पुण्याच्या लोकांना सगळा कळप दिसावा. मग ती फोनजवळच कळपाकडं पाठ करून उभी राहिली आणि पदर डोळ्यांवर ओढला. नाथा कळपात शिरला. त्यानं घोंगडीखाली काहीतरी घेतलं, त्याचं तोंड हातानं धरलं आणि पंपाच्या खोलीत नेलं. दार लोटून तो बाहेर आला आणि "झालं" म्हणाला.

ताराबाई वळली. तिला लगेच कळलं. एकशेअकरा माना उन्हाला खाली होत्या असं नाही, एकशेदहा होत्या. तांबडतोंडी एकटी मान वर करून, पंपाच्या खोलीकडं तोंड करून उभी होती. तिचं कोकरू जागेवर नव्हतं.

नाव सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर फोनवर गेली. त्या एवढ्याशा पडद्यावर ऋतुजा सगळ्यांच्या पुढं, फोनच्या काचेला नाक लागेल इतकी जवळ आली होती. तिचे डोळे कळपावरून फिरून एका जागी थांबले होते. ओठ हलत होते. तिलाही कळलं होतं.

ताराबाईनं तोंड मिटलं. मी न्हाई सांगनार, तिनं ठरवलं. हात वर करायला दीड वर्ष उशीर झाला, तर झाला. पण जिला ठाऊक आहे तिनंच सांगावं. नाहीतर राहू दे.

ती उभी राहिली. नाथानं मागून खूण केली, सांग की. ती हलली नाही.

"काकू, मोजताय का?" मघाचा पोरगा म्हणाला. कुणीतरी हलकंसं हसलं.

"असू दे रे," योगिता मॅडम म्हणाली. "अवघडच आहे ते. काकू, राहू द्या."

ताराबाईचे कान गरम झाले. आपल्याच कळपासमोर आपण मेंढरू न ओळखणारी बाई ठरतोय, हे तिला सहन होत नव्हतं. आयुष्यात असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तरी ती गप्प राहिली. काठीवरची बोटं तेवढी आवळली. पंपाच्या खोलीतून कोकराचा दबका आवाज आला आणि तांबडतोंडीनं दोन पावलं पुढं टाकली. पुण्यात तो आवाज कुणाला कळला नसावा.

"तिला कळलंय," ऋतुजा म्हणाली.

हसणं थांबलं.

"कधीच कळलंय तिला. मलाही कळलंय. ती लाल तोंडाची बघा, तिकडं, कडेला. बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्यात, ती एकटी घालत नाही. तिचं कोकरू नेलंय. त्या खोलीत ठेवलंय आबांनी."

"आबा?" योगिता मॅडम म्हणाली.

ऋतुजा मॅडमकडं वळली. "माझे वडील आहेत ते. आणि ही माझी आई. ताराबाई वगैरे नाही, माझी आई. आमचं शेत नाही. आमची ही मेंढरं आहेत. मी ह्यांच्यातच मोठी झाले."

नाथानं दार उघडलं. कोकरू उड्या मारत आलं आणि तांबडतोंडीच्या पोटाखाली घुसलं. तिनं त्याला हुंगलं, आणि मगच तिची मान खाली गेली. पुण्याच्या ऑफिसात सगळे ते बघत होते.

"ऋतुजा, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," योगिता मॅडम शेवटी म्हणाली. ती रागावली नव्हती, पण तिला ते लागलं होतं.

"हो, मॅडम."

"मॅडम, ते तिचं अन् तुमचं मागून बघा," ताराबाई मध्ये पडली. "आधी मला सांगा, मेंढरं किती येगळी करता?"

योगिता मॅडमनं मागच्या पोरांकडं बघितलं, बोटं मोजली. "व्हिडिओत बघितलं तसं वरचे दात काढून टाकतो, उठणं सुधारतो. ते होईल. पण वेगळ्या मेंढ्या... आठ. फार तर दहा. पिक्चर थोडं पुढं ढकलावं लागलं तरी दहाच."

"दहात कळप होत न्हाई. पंचवीस करा. बाकीच्या मागं धुळीत दावा, धूळ तर तुमी उडविलीच न्हाई."

पोरांतल्या दोघांनी डोक्याला हात लावला. "पंचवीस शक्य नाही, काकू," योगिता मॅडम म्हणाली. "प्रत्येक मेंढी नव्यानं शोधून काढायला माणूस कुठून आणू?"

"शोधायच्या कशाला?" ऋतुजा म्हणाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले, कुणाच्या तरी टेबलावरची वही ओढली आणि पेन्सिल घेतली. "पंचवीस मी करते, मॅडम. मला सगळ्या ठाऊक आहेत."

मग ती फोनकडं वळली, आणि सगळ्या ऑफिसासमोर, घरी बोलायची तसं बोलली.

"आई, फोन झाडावरनं काढ. तांबडतोंडीला जवळनं दाव. तिच्यापास्नंच सुरू करते."